विधिसल्ला, बीड जिल्ह्यातील

विधिसल्ला, बीड जिल्ह्यातील : जमीन, घर, वारसा, कर्ज, भागीदारी इ. व्यवहारांत हक्क कोणता, तो कोणत्या कागदाने सिद्ध होतो व कोणत्या मुदतीत मागावा लागतो, यांसंबंधी जाणकाराकडून मिळणारे मार्गदर्शन म्हणजे विधिसल्ला होय. न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडणे हे वकिलाचे काम सर्वपरिचित आहे. परंतु दस्तऐवज होण्यापूर्वी दिला जाणारा सल्ला हे त्याचे तितकेच महत्त्वाचे अंग आहे. महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील बीड जिल्ह्यात या सल्ल्याला विशेष महत्त्व आले, कारण सु. शंभर वर्षांच्या अवधीत येथील राज्यसत्ता, न्यायालयाची भाषा, कालगणना, चलन व जमीनविषयक कायदे ही सर्व बदलली. प्रत्येक बदलाबरोबर जुने कागद सामान्य माणसाला वाचता येईनासे झाले आणि कागद वाचून सांगणारा मनुष्य हाच त्याचा पहिला सल्लागार ठरला.

पूर्वपीठिका : हिंदू वारसाविधीचा प्रमाणभूत ग्रंथ मिताक्षरा हा बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने रचला. कल्याणी (विद्यमान बसवकल्याण) ही मराठवाड्याच्या शेजारचीच राजधानी होय. जन्मतःच मुलाला वडिलार्जित मालमत्तेत हक्क प्राप्त होतो, हे मिताक्षरेचे तत्त्व या प्रदेशातील एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेला शतकानुशतके लागू राहिले. अंबाजोगाई येथील यादवकालीन शिलालेखांत खोलेश्वर या सेनापतीची माहिती आढळते. देवालयांना दिलेली दाने दगडावर कोरून ठेवण्याच्या त्या काळच्या प्रथेमागे हक्काला चिरस्थायी पुरावा असावा, हीच दृष्टी होती.

मध्ययुगात वतन, इनाम, शेताची शीव व भाऊबंदकीची वाटणी यांविषयीचे तंटे गोतसभेपुढे येत. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, बलुतेदार व जाणती माणसे यांच्या समक्ष साक्षीपुरावा होऊन महजर लिहिला जाई व त्यावर हजर असलेल्यांची निशाणी होई. शहरात व कसब्याच्या गावी काजीच्या मोहोरेला मान असे. खरेदीचे, गहाणाचे व बक्षिसाचे कागद काजीसमक्ष होत. व्यवसाय म्हणून सल्ला देणारा स्वतंत्र वर्ग त्या काळी नव्हता. कुलकर्णी कागद लिहून देई, शास्त्री धर्मशास्त्राचा निर्णय सांगे व काजी मुसलमानी कायद्याचा. सल्लागार गावातलाच असल्यामुळे तो सुलभ होता. पण तो गावातील सत्तेचाही भाग असे. वतनदाराविरुद्ध दाद मागणाऱ्यास त्याच वतनदाराच्या लेखणीवर अवलंबून राहावे लागे.

निजामी अंमल : बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या कारभारात व न्यायालयांत प्रथम फार्सी भाषा चाले. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. जिल्ह्यातील बहुसंख्य लोकांची भाषा मराठी असल्याने फिर्याद, कैफियत, साक्ष व निकाल या साऱ्यांची भाषा पक्षकाराला परकी होती. तालुक्याच्या ठिकाणी मुन्सिफाचे न्यायालय, त्यावर जिल्हा न्यायालय व अखेरीस हैदराबाद येथील उच्च न्यायालय अशी उतरंड होती. उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेनंतर (१९१८) कायद्याचे शिक्षणही उर्दूतून मिळू लागले.

या परिस्थितीत कचेरीच्या आवारात बसणाऱ्या अर्जनविसाला महत्त्व आले. पक्षकार आपली हकीकत मराठीत सांगे व अर्जनवीस ती ठरावीक उर्दू नमुन्यात बसवी. बैनामा (खरेदीखत), रेहननामा (गहाणखत), हिबानामा (बक्षीसपत्र), वसीयतनामा (मृत्युपत्र), मुखत्यारनामा हे शब्द या वाटेने जिल्ह्याच्या बोलीत रुजले व त्यांतील काही अद्यापही ऐकू येतात. लिहून देणाऱ्याला आपण कशावर अंगठा उठवीत आहोत, हे अनेकदा दुसऱ्याच्या तोंडूनच कळे. वाचून दाखविणारा जर सावकाराच्या पेढीवरचा मुनीम असेल, तर सल्ला व हितसंबंध यांत अंतर उरत नसे.

त्याचा परिणाम शेतजमिनीच्या मालकीवर झाला. कर्ज देताना सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत करून घेई आणि रक्कम फेडल्यास जमीन परत देण्याचे वचन तोंडी राही. पुढे वाद उत्पन्न झाल्यास लेख खरेदीचा व वचन तोंडी, अशी ऋणकोची अडचण होई. संस्थान सरकारने १३४९ फसली (१९३९-४०) मध्ये शेतजमिनीच्या हस्तांतरास प्रतिबंध करणारा आणि सावकारीचे नियमन करणारा असे कायदे केले. तथापि त्यांचा लाभ मिळण्यासाठी ते अस्तित्वात आहेत, हे ऋणकोला प्रथम कळणे आवश्यक होते.

वकिलीचा व्यवसाय याच काळात वाढीस लागला व वकीलवर्ग सार्वजनिक जीवनातही पुढे आला. मराठी भाषकांपैकी केशवराव कोरटकर हे वकिलीतून हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. दिगंबरराव बिंदू, काशिनाथराव वैद्य इ. वकिलांनी संस्थानातील राजकीय चळवळीत भाग घेतला. सनदशीर हक्कांची भाषा मराठवाड्यातील लोकांना परिचित होण्यास वकीलवर्गाचे साहाय्य झाले.

फसली सन व हाली चलन : निजामी काळातील कागद वाचताना लिपीइतकीच अडचण कालगणनेची व चलनाची येते. संस्थानात फसली सन चालू होता व त्याचा प्रारंभ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने होई. त्यामुळे फसली सनात डिसेंबरअखेरपर्यंत ५९० व त्यानंतरच्या महिन्यांत ५९१ मिळविल्यास इसवी सन येतो. महिना न पाहता सरसकट ५९० मिळविल्यास एक वर्षाची चूक होते. दाव्याची मुदत किंवा बारा वर्षांचा कब्जा मोजताना ही चूक निर्णायक ठरू शकते. संस्थानाचे चलन हाली सिक्क्याचे व ब्रिटिश हिंदुस्थानचे कलदार. स्थूलमानाने सात हाली रुपयांचे सहा कलदार होत. कर्जरोख्यात किंवा खरेदीखतात रक्कम कोणत्या रुपयांत लिहिली आहे, हे पाहिल्यावाचून हिशेब पुरा होत नसे.

संक्रमणकाल (१९४८–६०) : सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाल्यावर अवघ्या दशकात जमीनविषयक कायद्यांची मोठी मालिका आली. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी नष्ट करण्यात आल्या. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० मध्ये संमत होऊन त्याने पूर्वीच्या असामी शिकमी कायद्याची (१३५४ फसली) जागा घेतली. इनामे व रोख अनुदाने रद्द करणारा कायदा १९५४ चा. इनाम, मनसब इत्यादींच्या चौकशीसाठी अतियात चौकशी अधिनियम १९५२ चा. १ एप्रिल १९५१ पासून दिवाणी प्रक्रिया संहिता, तसेच करार, पुरावा, नोंदणी व भागीदारी यांविषयीचे केंद्रीय कायदे येथे लागू झाले.

यांपैकी १९५० च्या अधिनियमाचा परिणाम सर्वांत खोलवर झाला. विहित काळात सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्यास संरक्षित कुळाचा दर्जा मिळाला व पुढे कलम ३८ (इ) अन्वये विहित मर्यादेपर्यंत मालकी हक्कही प्राप्त झाला. मात्र संरक्षित कुळांच्या नोंदवहीत नाव असणे, ही त्याची किल्ली होती. कुळाने जमीन स्वखुशीने सोडल्याचा राजीनामा तहसीलदाराने पडताळून पाहावा, असा दंडक कायद्यात होता; कारण असा राजीनामा खरोखर स्वखुशीचा असेलच, याची खात्री नव्हती. नोंदवहीत नाव आहे की नाही, हे वेळेवर पाहणारे कूळ मालक झाले. ज्यांना हे कोणी सांगितले नाही, त्यांच्यापैकी अनेकांचा हक्क कागदावर उमटलाच नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ४७ अन्वये पूर्वपरवानगीवाचून झालेले शेतजमिनीचे कायम हस्तांतर वैध मानले जात नसे. त्यामुळे त्या काळातील खरेदीखत तपासताना सोबत परवानगीचा हुकूम आहे काय, हा प्रश्न वकील आजही विचारतो.

इनाम जमिनींबाबतही असाच भेद ध्यानात घ्यावा लागतो. मदतमाश म्हणजे व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या निर्वाहासाठी दिलेले इनाम आणि खिदमतमाश म्हणजे देवस्थान, मशीद, दर्गा इत्यादींच्या सेवेसाठी दिलेले इनाम. दुसऱ्या प्रकारात वहिवाटदार हा सेवेकरी असतो, मालक नव्हे. त्याने केलेली विक्री घेणाऱ्यास मालकी देऊ शकत नाही. मुसलमानी धर्मादाय मालमत्तेस वक्फविषयक कायदाही लागू होतो. जिल्ह्यात अशा जमिनी अनेक गावी असल्याने खरेदीपूर्वी मूळ मुंतखब (इनामचौकशीतील निर्णयपत्र) पाहणे अगत्याचे ठरते.

महाराष्ट्रातील कालखंड : राज्यपुनर्रचनेनुसार १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आला. उच्च न्यायालय हैदराबादहून मुंबईस गेले. बीड शहराला रेल्वे नव्हती. अपील करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास मुंबईचा प्रवास, तेथील मुक्काम व वकिलाचे मानधन हे सारे पेलावे लागे. मराठवाड्यातील वकीलवर्गाने व जनतेने खंडपीठाची मागणी दीर्घकाळ लावून धरली. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबाद (विद्यमान छत्रपती संभाजीनगर) येथे मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले. त्यास दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व १९८२ मध्ये खंडपीठाच्या बाजूने निर्णय झाला. १९८४ मध्ये ते कायम झाले. अधिवक्ता अधिनियमाने (१९६१) वकिलांच्या जुन्या श्रेणी मोडून अधिवक्ता हा एकच वर्ग निर्माण केला. राज्य शासनाच्या १९९८ च्या अधिसूचनेने दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली.

महसुली बाजूस महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात येऊन १३१७ फसलीचा हैदराबाद जमीन महसूल कायदा संपुष्टात आला. वतनदार पटवाऱ्याच्या जागी पगारी तलाठी आला. मालकीचा माग काढताना मात्र आजही सातबाऱ्यापासून मागे खासरा पाहणी पत्रक (१९५४-५५) व सेतवार यांपर्यंत जावे लागते. कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली २०२३ मध्ये समिती नेमली गेली, तेव्हा मराठवाड्यातील जुन्या दप्तरांचे वाचन करण्यास उर्दू व मोडी जाणणाऱ्यांची गरज पुन्हा एकदा सर्वांच्या लक्षात आली.

संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. तथापि ती नोंद हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. हा फरक सामान्यतः दुर्लक्षिला जातो. फेरफाराची सूचना चावडीवर लागल्यावर हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी मोठ्या संख्येने कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक इ. भागांतील कारखान्यांवर जातात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. या सहा महिन्यांत गावी लागलेली सूचना, न्यायालयाची तारीख किंवा मोजणीची नोटीस त्यांच्या दृष्टीस पडत नाही. हक्क असूनही तो मांडण्यास माणूस जागेवर नसणे, ही या जिल्ह्याची खास अडचण होय. भोगवट्याची अदलाबदल झालेल्या शेतकऱ्यांसाठी २०२३ पासून राबविण्यात आलेली सलोखा योजना व मृत खातेदारांच्या वारसांच्या नोंदींसाठी २०२५ मधील ‘जिवंत सातबारा’ मोहीम हे अभिलेख वस्तुस्थितीशी जुळविण्याचे अलीकडील प्रयत्न होत.

वारसा व स्त्रिया : हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ रोजी अंमलात आला. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीस सहदायाद मानले. मात्र त्या दिवसापूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद नाहीसा झाला. वडील त्या दिवशी हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात (२०२०) स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र अबाधित राहिल्या.

कायद्याची ही प्रगती प्रत्यक्षात हक्कसोडपत्रापाशी अडते. वडिलांच्या मृत्यूनंतर बहिणींनी भावांच्या लाभात हक्क सोडावा, अशी सामाजिक अपेक्षा असते. माहेर तुटू नये म्हणून अनेक स्त्रिया सही करतात. नोंदणीकृत हक्कसोडपत्र रद्द करून घेणे कठीण असल्याने सल्ल्याची वेळ सहीपूर्वीची असते. परंतु त्या वेळी दस्तलेखक, साक्षीदार व ओळख पटविणारे हे सर्व बहुधा भावाच्या बाजूचेच असतात. शेतकरी आत्महत्यांच्या काळात विधवांपुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने आला. जमीन सासऱ्याच्या किंवा एकत्र कुटुंबकर्त्याच्या नावे असल्यास वारस म्हणून नोंद लावून घेण्यापासून त्यांना सुरुवात करावी लागे.

मृत्युपत्र करण्याची प्रथा ग्रामीण भागात अल्प आहे. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असून त्यावर किमान दोन साक्षीदार लागतात. मुंबई शहराप्रमाणे प्रोबेटची सक्ती बीड जिल्ह्यात नव्हती. मुसलमानी कायद्यानुसार सर्वसाधारणपणे निव्वळ मालमत्तेच्या एकतृतीयांशापुरतेच मृत्युपत्र वारसांच्या संमतीवाचून करता येते.

भूसंपादन : सिंदफणा नदीवरील माजलगाव धरण, कालवे, पाझर तलाव, रस्ते व लोहमार्ग यांसाठी जिल्ह्यातील पुष्कळ जमीन संपादित झाली. १८९४ च्या भूसंपादन अधिनियमाखाली मोबदला हरकत राखून न स्वीकारणाऱ्यास वाढीव मोबदल्यासाठी न्यायालयाकडे निर्देश मागता येत नसे. पावतीवर ‘हरकत राखून’ हे दोन शब्द लिहिले की नाही, यावर शेजारी-शेजारी असलेल्या दोन शेतकऱ्यांच्या मोबदल्यात मोठे अंतर पडू शकत असे. शिवाय निर्देशाच्या अर्जास निवाड्याच्या वेळी हजर असणाऱ्यासाठी सहा आठवड्यांचीच मुदत होती. १९८४ च्या दुरुस्तीने कलम २८ (अ) घालून इतरांना मिळालेल्या वाढीचा लाभ मागण्याची सोय अर्ज न केलेल्यांना दिली. पण तीही तीन महिन्यांच्या आत. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही हरकत राखण्याची अट कायम आहे.

व्यापार व पतव्यवहार : जिल्ह्यातील व्यापार दीर्घकाळ अडत, सरकी-कापूस, धान्य व गूळ यांभोवती फिरत राहिला व तो वही, चिठ्ठी आणि शब्द यांवर चाले. भागीदारी बहुधा नात्यातील असल्याने लेखी करार टाळला जाई. भागीदारी अधिनियमाच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीस करारावरून त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही, हे अनेकांना उधारी बुडाल्यावरच समजते. सहकारी संस्थांच्या वाढीनंतर कर्ज, जामीनकी व सभासदत्व यांचे वाद सहकार न्यायालयाकडे गेले. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हेही सहीनंतरच उमगणारे सत्य होय. ऊसतोड मजूर व मुकादम यांच्यात उचलीबाबत होणारे मुद्रांकावरील करार हा या जिल्ह्यातील एक विशेष दस्तप्रकार असून, त्यात उचल घेणाऱ्याची बाजू क्वचितच तपासली जाते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये बेकायदेशीर सावकारीत गेलेली जमीन परत देवविण्याचा अधिकार सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकास मिळाला; खरेदीखतामागचे कर्ज पाहण्याची मुभा कायद्याने येथे दिली. २०२३ नंतर काही बहुराज्य पतसंस्था अडचणीत आल्यावर ठेवीदारांना १९९९ च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याचा आधार शोधावा लागला.

मोफत विधिसाहाय्य : संविधानात १९७६ मध्ये समाविष्ट झालेल्या अनुच्छेद ३९ (अ) ने समान न्याय व मोफत विधिसाहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरविले. विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अंमलात आला. त्यानुसार जिल्हा न्यायालयात जिल्हा विधिसेवा प्राधिकरण व तालुक्यांत विधिसेवा समित्या काम करतात. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, आपद्ग्रस्त, कोठडीतील व्यक्ती आणि विहित मर्यादेखालील उत्पन्नाचे लोक यांना वकील विनामूल्य मिळतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. हे साहाय्य खटल्यापुरते मर्यादित नसून त्यात सल्ल्याचाही समावेश होतो. लोकन्यायालयातील तडजोडीस हुकूमनाम्याचे बळ असते, तीवर अपील होत नाही व भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. मालमत्तेच्या वादातील स्त्रियांना महाराष्ट्रात १९९४ पासून न्यायालय शुल्काची माफी आहे.

बीड जिल्ह्यातील विधिसल्ल्याच्या इतिहासात कायद्यांची उणीव फारशी आढळत नाही. कूळ, ऋणको, मुलगी व प्रकल्पग्रस्त या प्रत्येकासाठी केव्हा ना केव्हा कायदा झाला. परंतु त्या कायद्याचा लाभ बहुधा मुदत, नोंद किंवा सही यांवर अवलंबून राहिला, आणि त्या क्षणी पक्षकाराच्या बाजूने कागद वाचणारा मनुष्य जवळ असणे हेच निर्णायक ठरले. गोतसभा, काजी, अर्जनवीस, दस्तलेखक व अधिवक्ता या क्रमाने सल्लागार बदलत गेला. दस्त होण्यापूर्वी स्वतंत्र सल्ला घेण्याची प्रथा मात्र शहरातील मोठ्या व्यवहारांबाहेर अद्याप पुरेशी रुजलेली नाही. ती जितकी रुजेल, तितके दिवाणी न्यायालयांवरील भार व भाऊबंदकीचे तंटे कमी होतील.